आयसीयूतील संशोधनाचे संमतीपत्र आणि अवयवदान: दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतो का?

राजापूरकर:
नमस्कार. माझे मेहुणे महामार्गावर दुचाकीच्या अपघातात जबर जखमी झाले. डोक्याला मार असल्याने त्यांना तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले आणि तेव्हापासून ते व्हेंटिलेटरवर आहेत. मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन (औषधे देण्याची लांब नळी) घालण्यासाठी बहिणीची सही घेतली गेली. पुढे डाव्या मनगटातही एक बारीक नळी घातली, ती मॉनिटरला जोडलेली आहे. त्यानंतर दुसऱ्याच एका डॉक्टरांनी चार-पाच पानी माहितीपत्रक आणून दिले. सेंट्रल लाइनवर लावायच्या दोन प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना करणाऱ्या अभ्यासात रुग्णाला घ्यावे का, असे त्यात विचारले होते, आणि बहिणीने त्यावरही सही केली. आता मेंदूचे कार्य पूर्ण थांबल्याची शंका असून त्याच्या तपासण्या होतील, आणि निदान निश्चित झाले तर रुग्णालयाचे अवयवदान समन्वयक त्याबद्दल बोलतील, असे सांगण्यात आले आहे. वाडीतल्या काही मंडळींचे म्हणणे असे की संशोधनाची सही घेतली तेव्हाच अवयव काढायचे ठरलेले होते आणि मनगटातली नळी त्याचसाठी आहे. बहिणीला काय सांगावे? कृपया जाणकारांनी लिहावे.

भूलतज्ज्ञ, रत्नागिरी:
मनगटातल्या नळीपासूनच सुरुवात करतो, कारण संशय तिथे आहे. ती शिरेत नसून धमनीत असते, म्हणून तिला आर्टेरियल लाइन म्हणतात. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब थोडा वेळ जरी घसरला तरी मेंदूचे आणखी नुकसान होते. दंडाला पट्टा बांधून दर पंधरा मिनिटांनी मोजणे तिथे पुरत नाही, प्रत्येक ठोक्याचा दाब दिसावा लागतो. शिवाय रक्तातील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासण्यासाठी वारंवार सुई टोचावी लागत नाही. मानेतली लाइन ही रक्तदाब टिकवणाऱ्या तीव्र औषधांसाठी असते, कारण ती औषधे हातातल्या सलाइनमधून बराच काळ दिल्यास आणि बाहेर झिरपल्यास तिथली कातडी मरू शकते. दोन्ही नळ्या उपचाराच्या आहेत आणि अवयवदानाला नकार दिला तरी त्या घालाव्याच लागल्या असत्या.

आता तपासण्यांबद्दल. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मेंदूस्तंभाचा (श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाचा) मृत्यू प्रमाणित करते आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्या मंडळावर असू शकत नाही. सगळ्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, डोळ्याच्या बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, कानात थंड पाणी सोडतात, घशात नळी घालून खोकला येतो का ते पाहतात. शेवटी ॲप्निया टेस्ट असते: व्हेंटिलेटर काढून श्वासनलिकेत बारीक नळीने फक्त ऑक्सिजन सोडायचा आणि छाती-पोटाची जराशी तरी हालचाल होते का हे अगदी बारकाईने पाहायचे. त्याच मनगटातल्या लाइनमधून रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर गेल्याची खात्री करतात. एवढा वायू साठूनही श्वास घेतला गेला नाही, तर श्वासाचे केंद्र मृत झालेले असते. कोमातला रुग्ण यात कुठे ना कुठे प्रतिसाद देतो. दुसऱ्या फेरीच्या वेळी घरातील एखाद्या खंबीर माणसाने उपस्थित राहण्याची परवानगी मागावी. आम्ही ती शक्यतो देतो, आणि नंतरच्या शंका त्यामुळे पुष्कळ कमी होतात.

देवरुखचा मास्तर:
मी डॉक्टर नाही. एका महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर (संशोधनात रुग्णांच्या हिताची काळजी घेणाऱ्या समितीवर) सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून बसतो, म्हणून फक्त संशोधनाच्या कागदाबद्दल लिहितो. रुग्ण बेशुद्ध असल्यास त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीने सही करावी आणि तो शुद्धीवर आल्यास त्याला स्वतःला पुन्हा विचारावे, असे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आपल्या बहिणीला कोणतेही कारण न देता ती सही मागे घेता येते आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर संशोधक आणि एथिक्स कमिटी या दोघांचे संपर्क क्रमांक असावेत. दुसरा क्रमांक नसेल तर तो मागून घ्या. नव्या वैद्यकीय चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून अनिवार्य आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

अभ्यास कशाचा, हेही पाहा. सेंट्रल लाइनच्या तोंडाशी होणारा जंतुसंसर्ग रक्तात गेला तर रुग्ण दगावू शकतो. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेल्या ड्रेसिंगमुळे असा गंभीर संसर्ग घटल्याचे फ्रान्समधील २००९ च्या मोठ्या अभ्यासात दिसले होते. आपल्याकडच्या दमट हवेत चिकटपट्टी लवकर सुटते, त्यामुळे इथे तपासून पाहण्यात मला तरी अर्थ वाटतो. त्याचा अवयवदानाशी संबंध नाही.

अवयवदात्यांवरही वेगळे संशोधन होते, हे मात्र लपवण्यासारखे नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूमृत दात्यांचे शरीर ३४ ते ३५ अंश सेल्सिअसवर ठेवले, तेव्हा प्रत्यारोपणानंतर मूत्रपिंड उशिरा काम करू लागण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले. उलट दात्यांना थायरॉइडचे संप्रेरक दिल्याने अधिक हृदये मिळतील ही समजूत २०२३ च्या अभ्यासात टिकली नाही. असे काही आपल्याकडे करायचे असल्यास त्याची परवानगी स्वतंत्रपणे मागावी लागेल. ड्रेसिंगच्या कागदावरची सही तिथे चालणार नाही.

राजापूरकर:
दोघांचेही आभार. बहिणीला हे वाचून दाखवले. आता दोन अडचणी आहेत. अपघाताची पोलीस केस असल्याने शवविच्छेदन होणार. मग दान करता येते का? आणि चुलत्यांना वाटते की इथून मुंबई इतकी लांब की अवयव पोहोचेपर्यंत निकामी होतील आणि देह मात्र उगाच कापला जाईल.

समन्वयक, चिपळूण:
पोलीस केस असली तरी दान करता येते. रुग्णालय पोलीस ठाण्याला कळवते आणि मृत्यूच्या कारणाचा पुरावा बिघडणार नाही अशा रीतीने अवयव काढून नंतर शवविच्छेदन होते. पंचनामा आणि शवविच्छेदनाची वेळ आधीच ठरवून घ्या, म्हणजे देह मिळण्यास विलंब होणार नाही. जखमा शिवून देह सन्मानाने परत देणे बंधनकारक आहे.

चुलत्यांची शंका अर्धी खरी आहे. हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात सुरू व्हावे लागते, आणि रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक असल्यामुळे घाट आणि वाहतूक धरून ते गणित बहुधा बसत नाही. मूत्रपिंड मात्र बर्फात चोवीस तास टिकते आणि यकृतालाही साधारण बारा तास मिळतात. रुग्णालयाची अवयव काढण्यासाठी नोंदणी आहे का, हे आजच विचारा. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही २०१४ च्या नियमांनुसार अशी नोंदणी करता येते, पण कोकणात ती सर्वत्र नाही. ती नसेल आणि रुग्णाला हलवणे शक्य नसेल, तरी हृदय थांबल्यावर सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकते. पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोके थोडे उंच ठेवायचे.

संमती दिल्यानंतर दात्याची देखभाल, शस्त्रक्रिया आणि वाहतूक यांचा खर्च आपल्या कुटुंबाकडून घेता येत नाही, त्यामुळे बिलाचा हिशेब संमतीच्या तारखेला आणि वेळेला थांबवून लेखी मागा. निर्णय बहिणीचा आहे. समन्वयक भेटायला येतील तेव्हा चुलत्यांनाही त्या खोलीत बसवा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.