खरेदीखतातलं ‘निधिनिक्षेपासह’: नुसता पाल्हाळ की गरज?

प्रश्न: वडिलांच्या खरेदीखतात ‘दगड, माती, झाड, झाडोरा, जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह व तदंगभूत वस्तूंसह’ अशी माळ आहे. झाड आणि तरू एकच ना? ‘जमीन विकली’ एवढ्यावर का भागत नाही?

उत्तर: ही माळ जुन्या इनामपत्रांतली. तिथं साधारण असं असतं: ‘कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’. कुलबाब कुलकानू म्हणजे महसुलाच्या सगळ्या बाबी आणि सगळे हक्क. हल्ली पट्टी म्हणजे आज चालू असलेला कर, पेस्तर म्हणजे पुढचा. तो एक शब्द राहिला, तर उद्या बसणाऱ्या नव्या पट्टीवरून वाद उभा राहणार. निधी म्हणजे पुरलेलं धन, निक्षेप म्हणजे ठेव. नांगराला हंडा लागला तर तो कुणाचा, हे आधीच ठरलं. ‘खेरीज’मुळे आधीच्या वतनदारांचे हक्क शाबूत राहिले. याला पाल्हाळ म्हणायला माझं मन धजत नाही.

झाड-तरू ही मात्र खरोखर द्विरुक्ती. संस्कृत यादीला कुणीतरी मराठी जोड दिली. ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’ असेच जुळले: एक शब्द फारसी-अरबीकडचा, एक संस्कृतातला. इंग्रजी मृत्युपत्रातलं ‘विल अँड टेस्टामेंट’ही याच घाटाचं. विल मूळ इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन. पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही. ‘हॅव अँड होल्ड’ दोन्ही अस्सल इंग्रजी आहेत, आपलं ‘कुलबाब कुलकानू’ दोन्हीकडून फारसी-अरबी. म्हणजे कानाला बसलेली लयही त्यात आहेच.

दुसरं मत: मग शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र बघा. रात्री दिवा ठेवाल, ‘उंदीर वात नेईल’, गवत पेटेल. केवढं सोपं!

उत्तर: फार आवडतं पत्र आहे. पण ते पागेतल्या माणसाला आज रात्री दिवा विझवायला सांगतं. इनामपत्र तीन पिढ्यांनंतर, मुद्दाम उलटा अर्थ काढणाऱ्या भाऊबंदासमोर वाचलं जातं. दोघांची भाषा एक कशी असेल?

तुमच्या खतापुरतं सांगतो. ‘निधिनिक्षेपासह’ लिहिलं असलं तरी 1878च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ हे शब्द आहेत का, ते आधी बघा. बांधावरची भांडणं तिथूनच सुरू होतात.