समुद्रासमोरच्या कार्यालयीन इमारतीची पश्चिम बाजू पूर्ण काचेची असावी का?

प्रश्न:
आमच्या संस्थेची सहा मजली कार्यालयीन इमारत समुद्रकिनाऱ्यालगत उभी राहणार असून समुद्र पश्चिमेला आहे. वास्तुरचनाकारांनी त्या बाजूला जमिनीपासून गच्चीपर्यंत अखंड काच आणि तिच्यापुढे स्टेनलेस स्टीलचे आडवे लूव्हर (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) सुचवले आहेत. चित्रात हे देखणे दिसते. परंतु खारी हवा आणि दुपारनंतरचे ऊन पाहता ते कितपत टिकेल, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १:
खाऱ्या हवेत आधी बिघडते ती काच नव्हे, तर तिला धरून ठेवणाऱ्या चौकटी, स्क्रू आणि सांध्यांतले सीलंट. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे स्क्रू थेट बसवले, तर खारट ओलाव्यात स्क्रूभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. मध्ये नायलॉनचे वॉशर घालून दोन्ही धातू वेगळे ठेवावेत. निविदेत नुसते ‘स्टेनलेस’ लिहून भागत नाही. स्टेनलेसच्या ३०४ या प्रतीवर किनाऱ्याच्या हवेत लवकरच तपकिरी डाग पडतात; ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ती मिठातल्या क्लोराइडपुढे अधिक तग धरते. मात्र तीही धुवावी लागते, कारण पाऊस जिथे पोहोचत नाही अशा आडोशालाच मीठ साचून राहते आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथेच होते. लूव्हरच्या मागच्या बाजूला माणसाचा हात पोहोचणार आहे का, हे नकाशात जरूर तपासा.

प्रतिसाद २:
माझा आक्षेप लूव्हरच्या दिशेला आहे. आडव्या पट्ट्या डोक्यावरचा सूर्य अडवतात. मावळतीकडे झुकलेला सूर्य त्यांच्या खालून थेट टेबलापर्यंत येतो. मग संगणकाच्या पडद्यावर तिरीप पडते, लोक आतले पडदे ओढून घेतात आणि ज्या दृश्यासाठी एवढी काच लावली ते रोज दुपारनंतर झाकलेलेच राहते! पश्चिम बाजूला किंचित तिरपे वळवलेले उभे फिन, म्हणजे उभ्या पट्ट्या, अधिक उपयोगी पडतील. कामाची टेबले थोडी आत घेऊन काचेलगत येण्याजाण्याची आणि घटकाभर बसण्याची जागा ठेवली, तर निम्मा प्रश्न सुटेल.

प्रतिसाद ३:
दर्शनी भागाच्या चर्चेत सांगाड्याकडे दुर्लक्ष नको. गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापते आणि काँक्रीट आतून फोडते. म्हणून सळईवरचे काँक्रीटचे कव्हर ४५ ते ५० मिलिमीटर ठेवावे आणि क्लोराइड सहज आत न शिरू देणारे स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) वापरावे. विजेची खोली आणि जनरेटर तळघरात मुळीच नकोत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काच आणि फिन यांच्यामध्ये ६०० मिलिमीटर रुंदीची मार्गिका पुरेल का?

प्रतिसाद १:
एका माणसाला धुण्यापुसण्यासाठी पुरेल. मार्गिकेचा तळ जाळीचा ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि प्रत्येक मजल्यावर गोड्या पाण्याचा नळ आताच दाखवून घ्या.