मदत हवी आहे: फनस्कूलचे न फोडलेले जी. आय. जो ग्रेडिंगला अमेरिकेला पाठवावेत, की इथेच ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवावेत?

मोतीतलाव

मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे जुन्या वस्तू जमवणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारतोय.

सावंतवाडीत आमचं वह्या-पुस्तकं आणि खेळण्यांचं दुकान होतं. बाबांनी ते बंद केलं तेव्हा उरलासुरला माल माळ्यावर गेला. यंदा छपराचं काम निघालं म्हणून माळा रिकामा केला, तर एका खोक्यात फनस्कूलचे जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले प्लास्टिकचे सैनिक, सापडले. वीस-बावीस असतील, एकही फोडलेला नाही. मागे छापील पुठ्ठा, पुढे पारदर्शक प्लास्टिकचा फुगा, आत सैनिक आणि त्याच्या बंदुका.

ज्यांच्या लहानपणी हे नव्हतं त्यांच्यासाठी: फनस्कूल ही एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोने मिळून १९८७ मध्ये काढलेली कंपनी. तिचा कारखाना गोव्यात, म्हणजे आमच्या अगदी शेजारी. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग बऱ्याचदा इथल्या मर्जीने लागले. त्यामुळे अमेरिकेत जो सैनिक खाकी, तो आपल्याकडे भलत्याच रंगात. परदेशातले लोक नेमके ह्याच भलतेपणासाठी ते शोधतात, हे मला आत्ता कळतंय.

आता भाचा मागे लागलाय. म्हणतो, मामा, एएफएला पाठव. एएफए म्हणजे ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, अमेरिकेत जॉर्जियात. ते खेळणं तपासून शंभरपैकी गुण देतात: पुठ्ठ्याचे वेगळे, फुग्याचे वेगळे, आतल्या बाहुल्याचे वेगळे, आणि मग एकूण. ८० म्हणजे निअर मिंट (जवळपास नव्यासारखं), ८५ म्हणजे निअर मिंट प्लस, असं ते चढत जातं. मग जाड ॲक्रिलिकच्या पेटीत कायमचं बंद करून वर गुणांचं लेबल. कॅस नावाची अशीच आणखी एक संस्था आहे. २०२४ मध्ये केनर कंपनीच्या स्टार वॉर्स खेळण्यांतल्या, रॉकेट उडवणाऱ्या बोबा फेटचा नमुना ५ लाख २५ हजार डॉलरला गेला, ही बातमी भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकल्यापासून आमच्याकडे चहाच्या वेळी दुसरा विषय नाही. तो नमुना दुकानात कधी विकलाच गेला नव्हता आणि आपला माल बाजारपेठेत खुंटीला टांगलेला होता, हे मी सांगून थकलो.

माझ्यासमोर आत्ता त्यातला एक आहे. पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्याला पांढरी घडी पडलीय. फुगा खालच्या डाव्या बाजूला नखभर सुटलाय आणि तिथला गोंद तपकिरी झालाय. पुढे किमतीची चिकटपट्टी. मागे बाबांच्या निळ्या बॉलपेनने खरेदीभावाची सांकेतिक अक्षरं, जी ते प्रत्येक वस्तूवर टाकत. ग्रेडिंगवाल्यांच्या लेखी हे सगळे दोष. म्हणजे गुण किती येणार? आणि ७० वगैरे आले तर एवढा खर्च करून उपयोग काय? चिकटपट्टी काढायची का? बरं, पाठवलं आणि परत येताना कस्टमने अडवलं तर? की हे सगळं सोडून इथेच चांगल्या पेट्या करून घ्याव्यात? विकायची घाई नाही. दोन-चार विकले गेले तर छपराच्या खर्चाला हातभार लागेल, एवढंच.

सुटीगोटी

सावंतवाडीत ऱ्हवान लाकडी फळां-भाजी सोडून प्लास्टिकचे सैनिक! गजाल मात्र बरी आसा. वाचतंय.

ओरिंग_ठाणे

मोतीतलाव, ग्रेडिंगचं नंतर बघू. आधी एक काम करा. प्रत्येक कार्ड सरळ उभं धरून बॅटरीच्या उजेडात सैनिकाची कंबर बघा. ह्या पावणेचार इंची सैनिकांचं धड आणि पाय आतल्या एका काळ्या रबरी कड्याने जोडलेले असतात. आम्ही त्याला ओ-रिंग म्हणतो. रबर वाळलं की तुटतं, आणि सैनिक फुग्याच्या आतच कंबरेतून दोन तुकडे होऊन पडतो. एरवी ते कडं बदलणं पाच मिनिटांचं काम, पाठीचा स्क्रू काढला की झालं. पण बंद पॅकमध्ये हात कसा घालणार? फुगा उघडून परत चिकटवलेला माल ग्रेडिंगवाले नाकारतात. म्हणजे तुटलेल्याला तुटलेलाच ठेवायचा. असे वेगळे काढा आणि पाठवायच्या यादीतून आधीच वगळा.

दुसरं, फनस्कूल म्हणजे दुर्मीळ असं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी हा माल घाऊक उचलला. त्यामुळे नंतरचे नेहमीचे सैनिक तिकडे अजून बऱ्यापैकी मिळतात. त्यांचं ग्रेडिंग म्हणजे दहा रुपयांच्या नोटेला सोन्याची फ्रेम. मोल असतं ते सुरुवातीच्या मालाला आणि फक्त इथेच निघालेल्या पात्रांना. स्काय डायव्हर, स्ट्रीटहॉक अशी नावं दिसली तर सांगा. कार्डांच्या मागच्या बाजूचे फोटोही टाका, मागे बाकीच्या सैनिकांची चित्रं असतात, त्यावरून साधारण काळ लागतो.

गुणांचं म्हणाल तर तुम्ही वर्णन केलेल्या कार्डावर मी ८० ची आशा धरणार नाही. सुटलेल्या फुग्याची मला जास्त काळजी आहे. कोपऱ्यातली घडी दिसायला वाईट, पण ती वाढत नाही. सुटलेला गोंद पुढे सुटतच जातो.

मोतीतलाव

बॅटरी लावून सगळे बघितले. तीन जण कंबरेतून गेलेत. एकाचे पाय आडवे पडलेत आणि धड बंदुकीवर टेकलंय, खरंच युद्धातून आल्यासारखा. बाकीचे शाबूत वाटतात. स्काय डायव्हर एक आहे! मागचे फोटो रात्री टाकतो.

उरणकर

मी न्हावा-शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून फक्त ये-जा कशी होते तेवढं लिहितो. बाहुल्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही.

माल जाताना फार अडचण नाही. अडचण येताना. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. वर जीएसटी. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मुलं ज्याने खेळणार त्यासाठी तो नियम, हे खरं. पण काउंटरवरच्या माणसाला पेटीत खेळणं दिसतं. ते तीस वर्षं जुनं आहे, कायम सील केलंय आणि कुठलंही पोर त्याला हात लावणार नाही, हे तुम्हाला कागदावर पटवून द्यावं लागतं. जुनी वस्तू म्हणून सोडा म्हणाल तर तेही जमत नाही. पुराणवस्तूंच्या शीर्षकात बसायला वस्तू शंभर वर्षांहून जुनी लागते.

आपलाच माल परत येतोय म्हणून सवलत मागता येते. पण गेलेली वस्तू तीच परत आली हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी पाठवतानाच निर्यातीचे कागद नीट हवेत: प्रत्येक नगाचा फोटो, वर्णन, किंमत, आणि विक्रीसाठी नव्हे तर तपासणीसाठी जातोय असा स्पष्ट उल्लेख. साध्या पार्सलवर 'गिफ्ट' लिहून पाठवलंत तर परत येताना हातात काहीच नसतं. माझं मत विचाराल तर वीस-बावीस नगांसाठी हा व्याप नको.

जर्सीतली_मावशी

मी न्यू जर्सीत असते. मुलाच्या नादाने गेली बरीच वर्षं जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनांना जाते. उरणकरांना अनुमोदन, आणि एक सोपी वाट सुचवते: विकायचे असतील ते विनाग्रेडचेच विका. इकडच्या ज्या माणसाला लेबल हवंय तो स्वतः पाठवेल. त्याला ना कस्टम, ना समुद्र ओलांडायची भीती. अनेकांना तर तेच आवडतं, कारण गुण किती येतात ह्या जुगारातच त्यांची मजा असते. तुम्ही फक्त प्रामाणिक फोटो द्या. पुढून, मागून, चारही कडा, आणि फुगा तिरक्या उजेडात. सुटलेला गोंद लपवू नका, तो फोटोत नसला की पार्सल पोचल्यावर भांडण ठरलेलं.

२९ ऑगस्ट २०२५ पासून इकडे ८०० डॉलरखालच्या पार्सलांची करमाफी बंद झाली आहे. तेव्हा कर कोण भरणार हे घेणाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

चिकटपट्टीला हात लावू नका. लायटरचं पेट्रोल लावून ती काढायचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण जुन्या पुठ्ठ्याची वरची छपाई तिच्यासोबत सोलून येते. मग जिथे किंमत होती तिथे पांढरा डाग. शिवाय भारतीय कार्डावर रुपयातली किंमत असणं इथल्या लोकांना उलट भारी वाटतं.

ओरिंग_ठाणे

मावशी, चिकटपट्टीचं पटलं, पण पेनच्या अक्षरांचं तसं नाही हं. मागचं लिखाण म्हणजे गुण कमी, त्यात दुमत नाही. घेणारा त्याचे पैसे कापणारच.

जर्सीतली_मावशी

कापू देत की. ज्यावर लिहिलंय ते विकू नका, कोरे असतील ते विका. वडिलांच्या हाताची अक्षरं असलेला माल घरी राहिला तर काय बिघडलं?

मोतीतलाव

कोरा एकही नाही. बाबा शिस्तीचे होते.

शीट_आणि_लेसर

कोल्हापुरात ॲक्रिलिकचं काम करतो: ट्रॉफ्या, पाट्या, देवघरं, काय म्हणाल ते. माझ्याकडे दोन-तीन जण खेळण्यांच्या पेट्या करून घेतात, त्यावरून सांगतो.

पेटी इथे उत्तम होते, पण बनवणाऱ्याला चार गोष्टी बजावून सांगा, नाहीतर तो ट्रॉफीसारखीच करून देईल. आम्ही जोड क्लोरोफॉर्मने लावतो. त्याचा वास दोन दिवसांत गेल्यासारखा वाटतो, पण पेटी बंद केली की आत परत जमतो. जुन्या छपाईला आणि प्लास्टिकला तो चांगला नाही. पेटी उघडी ठेवून निदान आठवडाभर वारा लागू द्या, मगच माल आत. लेसरने कापलेल्या कडेला स्पिरिट किंवा काच पुसायचं निळं पाणी लावू नका. कडेत ताण असतो, केसासारख्या चिरा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स. साधी शीट ऊन पूर्ण अडवत नाही. यूव्ही अडवणारी वेगळी मिळते, महाग पडते. पेटी खिडकीसमोर ठेवणार नसाल तर साधीवर भागतं. आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या स्वस्त मिळतात म्हणून त्यात काही घालू नका, त्या काही वर्षांत चिकट होतात.

राहिला दमटपणा. कोकणात आहात म्हणून मुद्दाम लिहितो, पावसात पेटी बंद करू नका. त्या हवेतला ओलावा तुम्ही स्वतःच आत कोंडाल आणि पुठ्ठ्यावर तपकिरी ठिपके येतील. डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा असते तेव्हा बंद करा. सिलिका जेल पेटीत नको, कपाटात ठेवा, आणि आर्द्रता दाखवणारं साधं घड्याळ आणा. काटा ५० च्या आसपास राहिला की झालं. फार कोरडं केलंत तर पुठ्ठा वाकतो.

मोतीतलाव

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. तो थोडा हिरमुसला, पण ७० टक्क्यांचा आकडा वाचून गप्प झाला.

ठरलं ते असं. ग्रेडिंगला काहीही पाठवत नाही. नेहमीच्यातले, जे दोन-दोन आहेत, त्यांतला एकेक विनाग्रेड विकायचा. मागे लिहिलंय हे फोटोत स्वच्छ दाखवून. स्काय डायव्हर घरी. तुटलेले तिघेही घरी, त्यांना तसाही गिऱ्हाईक नाही. तोवर सगळे उभे करून, लोखंडी कपाटात, भिंतीपासून लांब.

शीट_आणि_लेसर, तुमच्याकडेच पेट्या करून घ्यायच्या म्हटलं तर मोजमाप कसं देऊ? आणि सुटलेल्या फुग्याला आतून आधार देता येईल का, गोंद न लावता?

शीट_आणि_लेसर

गोंद अजिबात नको. पेटीच्या खालच्या बाजूला आतून छोटा ओठ काढतो. फुगा त्यावर टेकतो, वजन गोंदावर येत नाही. मोजताना कार्डाची रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. जुना पुठ्ठा सरळ नसतो. उंची टांगायच्या भोकाच्याही वर, पुठ्ठ्याच्या टोकापासून. फुग्याची जाडी जिथे सगळ्यात जास्त तिथे. कार्ड स्केलवर दाबू नका, स्केल कार्डाजवळ न्या. सगळ्यांना एकच माप चालेल असं धरू नका, प्रत्येकाचं वेगळं लिहून व्यक्तिगत निरोपात पाठवा. झाकण सरकतं करतो, चिकटवत नाही. पुढेमागे कुणाला ग्रेडिंगची हुक्की आली तर अलगद काढता येईल.