जुन्या लॅपटॉपची रास्त किंमत कशी सांगावी?

प्रश्न (नाशिक)

जुलै २०२१ मध्ये ६२,००० रुपयांना घेतलेला लॅपटॉप मला विकायचा आहे. अकराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेले हे यंत्र मी प्रश्नपत्रिका तयार करणे आणि ऑनलाइन तास घेणे एवढ्यासाठीच वापरले. चार्जर काढला की मात्र ते दीड तासात बंद पडते, आणि उजव्या बिजागरीजवळ बारीक चीर गेली आहे. दुकानदार १३,००० रुपये देतो म्हणतो, तर अशाच यंत्रांच्या जाहिरातींत २४,००० ते ३०,००० रुपये मागितलेले दिसतात.

घेणारी आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी आहे. तिला नुकताच पदविका अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. काकूंनी "तुम्हीच काय तो आकडा सांगा" असे म्हटल्यामुळे माझी अडचण वाढली आहे, कारण मी जास्त सांगितले तरी त्या घासाघीस न करता मुकाट्याने पैसे देतील, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यावर अन्याय होऊ नये आणि माझेही नुकसान होऊ नये, असा आकडा कसा काढावा?

उत्तर १ (पुणे)

मी हिशेबनीस आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर दरवर्षी शिल्लक किमतीच्या ४० टक्के घसारा (वापरामुळे किमतीत होणारी घट) धरतात. त्या हिशेबाने ६२,००० रुपयांचे पहिल्या वर्षअखेर ३७,२००, मग २२,३२०, मग १३,३९२ आणि चौथ्या वर्षअखेर सुमारे ८,०३५ रुपये उरतात. दुकानदाराचा आकडा त्यापेक्षा बराच वर आहे, तेव्हा १३,००० रुपयांना दिलात तरी वावगे होणार नाही.

उत्तर २ (ठाणे, लॅपटॉप दुरुस्ती)

वरच्या उत्तरातील गणित बरोबर आहे, पण तो घसारा कर आकारण्यासाठी ठरवलेला आहे आणि बाजारातली किंमत त्यावरून निघत नाही. ताई, आपण काय मोजले होते हेही बाजूला ठेवा. त्या मुलीला हेच काम करणारे यंत्र आज दुसरीकडून घ्यायचे झाले तर किती खर्च येईल, तिथून हिशेब सुरू करा. जाहिरातीतील रक्कम ही मागणी असते, विक्री नव्हे; जी जाहिरात महिनाभर तशीच दिसते तिचा आकडा धरू नका आणि ज्या चार-पाच दिवसांत निघून जातात त्यांच्याकडे लक्ष द्या. आपल्यासारखे यंत्र दुकानातून सहा महिन्यांच्या हमीसह २५,००० रुपयांच्या आसपास मिळत असेल, तर ती आपली वरची मर्यादा समजा.

आता त्यातून वजावट करायची. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करण्याची खिडकी) powercfg /batteryreport या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढा. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता, असे दोन आकडे दिसतील. मूळ ४१,००० मिलिवॉट-तासांपैकी २५,००० च्या आसपासच उरले असतील, तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली आहे आणि नवी बसवण्याचा खर्च विकणाऱ्यानेच सोसायला हवा. बिजागरीची चीर मी सर्वांत गंभीर मानतो, कारण झाकण उघडताना पडणारा ताण त्याच जागी येतो, चीर वाढत जाते आणि एक दिवस पडद्याची केबलही तुटते. माझ्याकडे अशी यंत्रे दर आठवड्याला येतात, आणि दोन महिन्यांपूर्वी एवढीशीच चीर होती, असे त्यांचे मालक सांगतात. बॅटरीचे ३,०००, बिजागरीचे १,५०० आणि आपण हमी देणार नाही म्हणून २,५०० रुपये वजा केले, तर १८,००० उरतात. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. आपल्या गावच्या दुकानात विचारून बदला.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून सातव्या आणि त्याआधीच्या पिढीच्या इंटेल यंत्रांची किंमत पडली, कारण मोजके अपवाद वगळता त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आपले यंत्र अकराव्या पिढीचे असल्याने त्यावर विंडोज ११ चालते.

उत्तर ३ (मुंबई, लॅमिंग्टन रोड)

दुकानदार १३,००० का सांगतो, हे आमच्या बाजूने मांडतो. आम्ही यंत्र घेतो, उघडून साफ करतो, बॅटरी बदलतो, विकताना महिन्या-तीन महिन्यांची हमी देतो आणि ते विकले जाईपर्यंत पैसा अडकवून ठेवतो. एखाद्याचा मदरबोर्ड आठवड्यात गेला तर तोटा आमचा. जुन्या मालावर खरेदी आणि विक्री यांतील फरकावर जीएसटीही भरावा लागतो. त्यामुळे तो आकडा फसवणुकीचा नाही, पण दोन शेजाऱ्यांमधल्या व्यवहाराला तो लागू नाही, कारण यातला कोणताही खर्च त्यांच्या वाट्याला येत नाही. आमच्या खरेदीचा भाव आणि आमच्या विक्रीचा भाव यांच्यामध्ये जी जागा उरते, ती आपण आणि काकूंनी वाटून घ्यावी.

अनोळखी गिऱ्हाइकाला सांगताना आम्ही हजार-दीड हजार घासाघिशीसाठी वर ठेवतो. जिथे समोरचा घासाघीस करणारच नाही, तिथे ते वर ठेवणे योग्य नाही.

उत्तर ४ (कोल्हापूर)

मुलगी शिकणार आहे, तर १०,००० रुपयांत देऊन टाकावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. कोल्हापूरच्या सूचनेवर मी बराच विचार केला; परंतु फार कमी घेतले तर काकूंना उपकाराचे ओझे वाटेल आणि पुढे यंत्रात काही बिघडले तर त्या मला सांगायलाही संकोचतील, असे मला वाटते.

अहवाल काढला, तेव्हा बॅटरी ५८ टक्क्यांवर असल्याचे दिसले. बिजागरी मी स्वतःच १,४०० रुपये देऊन दुरुस्त करून घेतली, कारण तो बिघाड मुलीच्या हाती सोपवणे मला पटले नाही. नव्या बॅटरीचा भाव येथे ३,२०० रुपये निघाला. २५,००० मधून तो आणि हमीचे २,५०० वजा करून १९,३०० आले, ते आणखी थोडे उतरवून मी काकूंना १८,५०० सांगितले आणि वजावटीचा कागद, बॅटरीचा अहवाल व मूळ बिल त्यांच्यासमोर ठेवले. काकूंनी कागद दोनदा वाचला आणि बॅटरी कुठे मिळेल एवढेच विचारले. रविवारी माझ्या फायली काढून, यंत्र पूर्ण पुसून आणि विंडोज नव्याने टाकून मी ते मुलीला देणार आहे.