सर्व्हिसनंतर अलॉय व्हीलवर खुणा: जुन्या की वर्कशॉपमधल्या, हे कसं ठरवायचं?

खडीचा_रस्ता

डीलरकडून सर्व्हिस होऊन आलेल्या गाडीच्या चाकांवर खुणा दिसत आहेत. चाकं १७ इंची, डायमंड कट आहेत, म्हणजे स्पोकचा दर्शनी भाग लेथवर कातलेला चकचकीत आणि आतल्या खोबणी काळ्या. जॉब कार्डवर चाकांची कामं तीनच: पुढची-मागची अदलाबदल, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. टायर नवे घातलेले नाहीत.

पुढच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेला नखाएवढा टवका आहे, आत पांढरा धातू दिसतोय. चारही चाकांच्या कडेवर बारीक टोचल्यासारख्या खुणा आहेत. शिवाय काही नटांच्या खळग्यांत काळ्या रंगावर गोल ओरखडे उमटलेत. गाडी आत घेताना भरलेल्या तपासणीच्या कागदावर चाकांपुढे काहीही नोंद नाही. सर्व्हिस ॲडव्हायझरचं म्हणणं, "फुटपाथला घासलं असेल, आम्ही टचअप मारून देतो."

खुणांवरून कारण ओळखता येतं का? आणि डायमंड कटवर टचअप चालतं का?

टॉर्क_पाना

ओळखता येतं. वर्कशॉपमधलं प्रत्येक यंत्र चाकाला ठरावीक जागीच शिवतं. खूण कुठे आहे आणि कशी आहे एवढं नीट पाहिलं की ती कोणत्या कामात पडली याचा माग बहुतेक वेळा लागतो.

आधी फुटपाथ. तिथे चाक फिरता फिरता घासतं, त्यामुळे ओरखडा कडेच्या वळणाबरोबर लांब जातो, बोटभर ते वीतभर. धातू एका दिशेला ओढला जातो आणि लगतच्या टायरच्या भिंतीवरचं रबरही खरवडलेलं सापडतं. टायर कोरा आणि रिमवर एकच खोलगट टवका असेल तर फुटपाथचा मुद्दा लंगडा पडतो. अपवाद एकच: रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला असेल, तर रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि एकटीच मार खाते.

नेहमीचा दुसरा संशयित म्हणजे टायर चेंजर. त्याच्या पकडीच्या जबड्यांवरचं प्लास्टिक झिजलं असेल तर रिमवर दाबाच्या खुणा पडतात. टायर चढवणाऱ्या डोक्याखालचा प्लास्टिकचा तुकडा गेला असेल तर कडेवर गोलाकार बारीक चर उमटते. बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची आतली कड, तोडणारा फाळ चुकीच्या जागी लावला तर कडेचा तुकडाच उडतो, आणि व्हॉल्व्हजवळ लावला तर आतला प्रेशर सेन्सर फुटतो. पण तुमचा टायर रिमवरून उतरलाच नाही. अदलाबदल आणि बॅलन्सिंगला त्याची गरज नसते, म्हणून हे यंत्र बाद.

आता या तीन गोष्टी बघून इथे लिहा:

टवक्याच्या जागी बॅलन्सिंगसाठी कडेला अडकवायचं वजन आहे का, किंवा काढल्याची खूण आहे का? ते वजन पक्कडीऐवजी स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की कडेचा टवका निघतो.

कडेवरच्या बारीक खुणा किती आहेत आणि त्यांच्यातलं अंतर सारखं आहे का? सुतळी किंवा मोजपट्टी कडेला गुंडाळून मोजा, नजरेवर जाऊ नका.

टवक्याच्या आत धूळ आहे का? उघडं ॲल्युमिनियम आधी चमकतं, मग हळूहळू मंद होतं, आणि गाडी चालेल तशी खाचेत ब्रेकची काळी धूळ बसते. खूण जुनी असेल तर टवक्याभोवतीची पारदर्शक लॅकर उचललेली असते आणि तिच्याखाली पांढरे, अळीसारखे धागे सरकताना दिसतात. ते व्हायला आठवडे, कधी महिने जातात. तसं काही नसेल तर जखम ताजी असण्याची शक्यता जास्त. पुसण्याआधी फोटो काढा.

खडीचा_रस्ता

टायरची भिंत कोरी आहे. टवक्याजवळ वजन नाही, सगळी वजनं आतल्या बाजूला चिकटवलेली आहेत. बारीक खुणा प्रत्येक चाकावर चार, अंतर जवळपास सारखं. टवका चमकतोय, धागे नाहीत. अजून एक दिसलं: टवक्याच्या शेजारच्या स्पोकवर सर्वांत बाहेर आलेल्या जागी खरखरीत ठिपका आहे.

टॉर्क_पाना

चार खुणा, सारखं अंतर, चारही चाकांवर: अलाइनमेंटचे क्लॅम्प. सेन्सर किंवा टार्गेट धरायला रिमच्या कडेवर तीन-चार नख्यांची पकड लावतात. नख्यांवर प्लास्टिकच्या टोप्या असाव्या लागतात, त्या हरवल्या की धातूवर धातू येतो. चार वेगवेगळ्या चाकांना फुटपाथ सारख्याच अंतरावर चार ठिकाणी टोचत नाही, आणि तुमच्या बाजूने सगळ्यांत भक्कम पुरावा हाच आहे. टवक्याआधी हा मुद्दा मांडा. पुढच्या वेळी रिमऐवजी टायरला धरणारे क्लॅम्प आहेत का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी असतात, वापरत नाहीत.

टवका आणि स्पोकवरचा ठिपका शेजारी-शेजारी आहेत, म्हणजे एकाच आपटण्याचे असण्याची शक्यता जास्त. भिंतीला टेकवून उभं केलेलं चाक घसरून दर्शनी बाजूवर पडलं की असं होतं. हे खात्रीने सिद्ध करता येणार नाही, पण फुटपाथपेक्षा नक्कीच जास्त जुळतं.

नटांच्या खळग्यांतले गोल ओरखडे इम्पॅक्ट गनवरच्या (झटके देत नट आवळणाऱ्या यंत्रावरच्या) जाड सॉकेटचे. अलॉयसाठी पातळ भिंतीचा, बाहेरून नायलॉनचं आवरण असलेला सॉकेट वापरायचा असतो. ओरखडे दिसायला किरकोळ आहेत, पण गनने नट किती आवळले हा प्रश्न त्यातून निघतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

एक जागा राहिली. मधली टोपी काढून चाकाचं मधलं भोक बघा. बॅलन्सिंग यंत्रावर चाक दाबून धरणाऱ्या वाटीची रबरी कडी नसेल तर तिथे वर्तुळाकार ओरखडा असतो.

रिमझिम

कागदाचं बोलू. तोंडी वाद थांबवा, आजच ईमेल करा. त्यात रागाचं एकही वाक्य नको, फक्त हे: जॉब कार्ड क्रमांक, गाडी दिल्याची आणि मिळाल्याची वेळ, दोन्ही वेळचं किलोमीटर वाचन, आत घेतानाच्या तपासणीत चाकांवर नुकसान नोंदलेलं नाही हे वाक्य आणि त्या कागदाचा फोटो, मग चाकवार खुणांची यादी. किलोमीटर वाचनावरून गाडी बाहेर किती फिरवली तेही कळतं. फोटो दिवसाउजेडी काढा: आधी गाडीची नंबर प्लेट आणि चाक एकत्र दिसेल असा लांबून, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. चकचकीत डायमंड कटवर समोरून फ्लॅश मारला की ओरखडा गायब होतो, तेव्हा तिरप्या उजेडात घ्या.

त्याच ईमेलमध्ये गाडी आत येतानाचं आणि जिथे काम झालं त्या जागेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. हे सगळ्यांत घाईचं काम, कारण रेकॉर्डरची जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. चित्रण तुम्हाला दाखवतील न दाखवतील, पण लेखी मागणीनंतर "पुसलं गेलं" म्हणणं त्यांना जड जातं. तुमच्या गाडीत पार्किंग मोडचा डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड आत्ताच काढून ठेवा.

मागणी मोघम ठेवू नका. "योग्य ती भरपाई द्या" लिहिलंत की पुढच्या सर्व्हिसवर सवलत हातात पडते. काय हवं ते लिहा: कोणतं चाक, कोणती दुरुस्ती, कोणाकडून, किती तारखेपर्यंत, आणि तोवर गाडीला कोणती चाकं. ॲडव्हायझरला असे खर्च मंजूर करायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो, म्हणून पत्र वर्कशॉप मॅनेजरच्या नावे. उत्तर नाही आलं तर डीलरशिपचा प्रमुख, मग कार कंपनीचा ग्राहक विभाग, तोच ईमेल पुढे जोडत. ताब्यातल्या गाड्यांच्या नुकसानीसाठी वर्कशॉप सहसा स्वतःचा विमा घेतं, तो त्यांनी वापरायचा. तुमच्या विम्यावर दावा लावायचा आग्रह झाला तर नाही म्हणा, तुमचा नो क्लेम बोनस जाईल.

मी असतो तर चारही चाकं नवीन मागितली असती. आधी जास्त मागा, मग खाली या.

लेथवाला

नवीन चाकांच्या सल्ल्याशी सहमत नाही. नुसत्या दिसण्याच्या नुकसानीसाठी चार नवी चाकं मागितली की समोरचा तुमचं सगळंच म्हणणं अवाजवी ठरवतो. नवं चाक मागायचं ते तीन बाबतींत: तडा, वाकलेली रिम, किंवा नट बसतो ती जागा खराब झालेली. बाकीचं दुरुस्त होतं, फक्त नीट व्हायला हवं.

टचअपला मात्र ठाम नकार द्या. डायमंड कटची चमक रंगाची नसते, उघड्या धातूवर कातलेल्या बारीक चरांची असते आणि वर फक्त पारदर्शक लॅकर असते. त्यावर चंदेरी रंगाचा ठिपका लावला की तो करडा डाग म्हणून उठून दिसतो. त्याहून वाईट म्हणजे टवक्याभोवतीची फाटलेली लॅकर तशीच राहते, तिच्या कडेखालून पाणी आणि मीठ शिरतं आणि वर सांगितलेले पांढरे धागे काही महिन्यांत पसरतात.

खरी दुरुस्ती अशी असते: टायर, वजनं, व्हॉल्व्ह आणि सेन्सर काढून चाक मोकळं करायचं. जुना थर रसायनाने उतरवायचा, जाळून नाही. काळा भाग पुन्हा पावडर कोट करून, म्हणजे रंगाची कोरडी पूड चढवून, भाजायचा. मग सीएनसी लेथवर चाकाचा आकार प्रोबने मोजून दर्शनी भागाचा पातळ थर कातायचा, साधारण ०.१ ते ०.३ मिमी. त्यावर लगेच लॅकर. कातल्यानंतर चाक उघडं पडून राहिलं, बोटांचे ठसे उमटले, की लॅकरखाली पुढचं गंजणं तिथूनच सुरू होतं.

प्रत्येक वेळी धातू जातो, त्यामुळे एक चाक दोन, फार तर तीनदा कातता येतं. म्हणून या चाकांवर आधी कातकाम झालंय का ते दुरुस्ती करणाऱ्याला सांगा, आणि दुरुस्तीनंतर किती मिमी कातलं ते बिलावर लिहून घ्या. टवका त्या थराहून खोल असेल तर नुसत्या कातण्याने जाणार नाही. कडेवर टिग वेल्डने थोडा धातू भरून कातता येतं, पण फक्त सर्वांत बाहेरच्या दिखाऊ कडेवर. बीड बसते ती जागा, स्पोकची मुळं आणि नटांचा भाग यांना वेल्ड नको.

तापमान विचारा, लाजू नका. ओतीव अलॉयची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते. तिचा शेवटचा टप्पा साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि नेहमीच्या पावडर कोटची भाजणी १८० ते २०० अंशांवर. नियंत्रित भट्टीत थोडा वेळ ठेवल्याने काम निभावतं, पण पुन्हा पुन्हा किंवा त्याहून जास्त तापवलं तर धातू मऊ पडतो. काही कार कंपन्या उष्णता किंवा कातकाम असलेली दुरुस्ती मान्यच करत नाहीत. डीलर स्वतः दुरुस्ती सुचवत असेल तर ती कंपनीच्या सूचनेत बसते असं त्याच्याकडून लेखी घ्या.

एकच चाक कातलं तर जवळून फरक दिसतो: चरांची बारकाई, लॅकरची झाक. तुमच्या चारही चाकांवर क्लॅम्पच्या खुणा आहेत. त्या लॅकर फोडून धातूपर्यंत गेल्या असतील तर चारही एकत्र करून घेणं रास्त आहे. नख फिरवून लागत नसतील तर त्यांना हात लावू नका. काम सुरू होईपर्यंत, फोटो झाल्यावर, टवका आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि पारदर्शक लॅकरचा एक थेंब लावून बंद ठेवा. लावलाय हे डीलरला कळवा.

ग्रीसगन

धागा थोडा भरकटवतो. ओरखडे नाहीत, पण सर्व्हिसमध्ये धुतल्यावर चाकांवर पांढरट ओघळ उमटलेत. पॉलिशने जात नाहीत. हेही नुकसानच ना?

लेथवाला

हो. तापलेल्या चाकावर आम्लयुक्त क्लीनर मारून सुकू दिला की असे ओघळ पडतात. ते फक्त लॅकरवर असतील तर ओलं करून फिकट होतात आणि लॅकर घासून पुन्हा मारता येते. ॲनोडाइज केलेल्या किंवा उघड्या पॉलिश धातूवर आम्लाने पृष्ठभागच खाल्लेला असतो, मग वरवर घासून उपयोग नाही. कोणता क्लीनर वापरला त्याचं नाव लेखी मागा. खूण गुरुत्वाच्या दिशेने ओघळलेली असेल तर फोटोत तेही दाखवा, चाक फिरताना पडलेला डाग तसा दिसत नाही.

टॉर्क_पाना

नटांचं राहिलं होतं. गाडी फार चालवण्याआधी हे करा. हँडबुकमध्ये तुमच्या गाडीचा टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचे तो आकडा, बघा. प्रवासी गाड्यांना बहुधा ९० ते १४० न्यूटन मीटर असतो, अंदाजाने धरू नका. चाक थंड असताना एक-एक नट सैल करून, समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने त्या आकड्याला आवळा. नुसतं "क्लिक येतो का" पाहून फायदा नाही, गनने जास्त आवळलेला नटही क्लिक देतोच. सैल करताना प्रचंड जोर लागला तर तेही ईमेलमध्ये लिहा. अति आवळल्याने स्टड ताणला जातो आणि नटाची बैठक चेपते. नट सैल केलाच आहे तर तो पूर्ण काढून बैठकीत चेपलेली कड किंवा धातूचा कीस आहे का ते पाहा. नटाचा आकारही तपासा: शंकूच्या बैठकीत गोलाकार तळाचा नट बसवला तर धरतो असं वाटतं, पण टेकतो फक्त एका रेषेवर.

टवक्याच्या चाकाला हवा भरून कडेवर आणि आतल्या बाजूला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तडा किंवा बीडची गळती आहे, आणि तडा असेल तर दुरुस्ती नको, चाक बदला. मग जॅकवर चाक फिरवून डायल गेजने आडवा आणि उभा डोल मोजा. अर्ध्या मिमीच्या आसपास ठीक, १ मिमीच्या वर गेला तर ८० ते १२० किमी वेगाला स्टिअरिंग थरथरू शकतं.

कातून आलेलं चाक ताब्यात घेताना पाठीमागची, हबला टेकणारी बाजू आणि नटांच्या बैठका बघा. तिथे पावडर कोट असता कामा नये. तो थर ६० ते १०० मायक्रॉन भरतो, दाबाखाली हळूहळू बसतो आणि नट आपोआप ढिले होतात. रंग दिसला तर चाक परत करा, स्वतः खरवडू नका. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरच्या बाजूची खूण तपासा, बॅलन्सिंग नव्याने करून घ्या, आणि ५० ते १०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.