विसरण्याचा हट्ट सोडला तेव्हा

ज्याने मन दुखावलं त्याला विसरायचं असेल, तर 'त्या माणसाचा विचारच करायचा नाही' असा सल्ला कळकळीने दिला जातो, पण मला तो उलटाच पडला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं. अस्वल मनात येतच राहिलं, आणि नंतर मुभा मिळाल्यावर तर जास्तच. मीही आठवणी दाबत होते. मग येऊ दिल्या, रडू आलं तर रडले. फक्त जुने मेसेज उघडणं आणि इतरांकडून त्याची खबरबात काढणं बंद केलं (हे फार जड गेलं). सगळ्यात शेवटी सुटली ती एक अपेक्षा, त्याने कधीतरी येऊन 'माझं चुकलं' म्हणावं ही. तिला दोन वर्षं लागली.