तिरक्या कोनातून मार येताना गोली आधीच का बसतोय?

करवीरचा_गोली
आईस हॉकी बघणारे कोल्हापुरात मोजकेच, म्हणून इथंच विचारतो. गोलीच्या रिव्हर्स व्हीएच या बसायच्या पद्धतीचा अतिरेक झालाय असं मला वाटतं. नवीन लोकांसाठी: पक (खेळायची रबरी चकती) गोलरेषेजवळ किंवा गोलच्या मागं असला की गोली खांबाकडचा पॅड बर्फावर आडवा टाकतो, खांदा खांबाला चिकटवतो आणि दुसऱ्या पायाचं स्केट रोवून तयार राहतो. मागनं वळसा घालून पक आत ढकलणाऱ्याला हा इलाज उत्तम. पण पॅडची रुंदी ११ इंच नि गोलची उंची ४८ इंच. खालचं बंद, वरचं सगळं खांदा आणि डोक्याच्या भरवशावर. पक अजून लांब असतानाच गोली बसला की मारणारा मान वर करतो, मास्क आणि खांब यांच्यातली फट बघतो नि तिथंच घालतो. उभं राहा, थोडं पुढं या, कोन बंद करा.

रंकाळा_काठ
पुढं या म्हणायला काय जातंय भावा! तो मारतोच असं कुठाय? क्रीजसमोर (गोलपुढची गोलीची आखलेली जागा) मोकळ्या गड्याला पास टाकला तर तुझा उभा गोली मागं सरकेपर्यंत जाळी हललेली असते. खांबाला टेकलेला गोली तिथनंच रेटा देऊन आडवा सरकतो. गोली जोनाथन क्विक बघ. २०१२ चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचं अजिंक्यपद, त्याच्या लॉस एंजेलिस किंग्सनं जिंकलं, प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली. बसूनच अडवायचा की.

करवीरचा_गोली
क्विकचे खुबे आण, मग बोलू. शिकणारी पोरं त्याचं बघून आधी गुडघे टेकायला शिकतात, पायावर सरकायला नंतर.

बावड्याचा_बॅक
काय बोलालाय रे दोघं? शाहू स्टेडियमवर फुटबॉलला जवळच्या खांबाला गोल खाल्ला की अख्खी गॅलरी गोलीचा उद्धार करते. उभं राहायचं, विषय संपला.

रंकाळा_काठ
बॅकसाहेब, आपल्याकडं फुटबॉलमध्ये बॉल गोलच्या मागं गेला की गोल किक नाहीतर कॉर्नर, गोलीला सावरायला वेळ मिळतो. आईस हॉकीत गोलच्या मागनंही खेळ चालूच असतो. मागं बघत खांब सांभाळायचा आणि समोरचंही बघायचं. उभ्यानं जमवून दाखवा.

बावड्याचा_बॅक
हां, हे माहीत नव्हतं. तरी लवकर बसणारा गोली मला पटत नाही.

उपनगरातला_स्केटर
तुम्ही दोघंही माणूस बघालाय, पक बघा. उजव्या हातानं खेळणारा डाव्या कडेनं आला तर त्याची स्टिक आतल्या बाजूला असते. अंग कडेला, पण पक मधल्या बाजूला, म्हणजे कोन वाटतो तितका तिरका नसतोच. अशा वेळी बसणं महागात पडतं. डावखुरा त्याच कडेनं आला तर पक बाहेरच्या बाजूला, तिथं बसलेला गोली खपून जातो. आणि खांबाला स्केट टेकवायचं की नडगी, यावर कुणीच बोललं नाही. स्केट टेकवलं तर रेटा चांगला मिळतो, पण ते निसटलं की पॅड आणि खांबामध्ये फट पडते नि पक गोलीच्याच पायाला लागून आत जातो.

करवीरचा_गोली
डावखुऱ्याचं मान्य, पण तोही शेवटच्या क्षणी पक आत ओढतो की. मग बसलेला गोली उठणार कधी?

रंकाळा_काठ
उठायचं कशाला? बसल्या जागेवरनं बटरफ्लायमध्ये (गुडघे टेकून दोन्ही पॅड बर्फावर पसरून) सरकायचं. खांब धरायला शिकवतात ते त्यासाठीच.